वर आलेल्या तासांची हजेरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात पंपिंग स्टेशनच्या बातम्या सुरू होतात. किती पंप, सेकंदाला किती हजार लिटर, यंदा कुठला भाग कोरडा राहणार. मी त्या सगळ्या वाचतो, कारण माझं उभं आयुष्य पाणी उपसण्यात गेलं. तयार स्टेशनातले ते सहा हजार लिटरवाले मोठे पंप मात्र मी कधी चालवले नाहीत. माझे पंप त्यांच्या आधीचे. स्टेशन बांधण्यासाठी जो खड्डा खणतात, तो कोरडा ठेवणारे. उद्घाटनाच्या दिवशी आमचे पंप टेम्पोत भरून परत गेलेले असतात, त्यामुळे फोटोत ते कधी नसतात आणि आम्हीही नसतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरी आहे. ती इतकी वर्षं मी लिहिली नाही, कारण ज्या माणसांच्या हाताखाली पोट भरलं त्यांच्याविरुद्ध लिहायला हात उचलला नाही. आजही मी ना कंत्राटदाराचं नाव घेणार, ना कामाचं. किनाऱ्यावरचं एक शहर, एवढं पुरे.

आधी स्वतःबद्दल. मी दापोली तालुक्यातला. वडील मचव्यावर होते. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालो आणि मुंबईला आलो. एकतीस वर्षं डीवॉटरिंगच्या, म्हणजे खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या, पंपांवर काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. आता बदलापूरला मुलाकडे असतो. म्हणजे पूर काय असतो ते मला कुणी शिकवायला नको. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली होती. २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात उभी राहिली, तेव्हाही खालच्या मजल्यावरची माणसं आमच्याकडे दोन रात्री होती. पंपिंग स्टेशनं नकोत असं मी म्हणतोय, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये.

२६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला भरती होती, हे कमी लोकांच्या लक्षात राहिलंय. मुंबईचे नाले समुद्राला आणि खाडीला मिळतात. बऱ्याच नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती आली की पाणी बाहेर जायचं सोडून आत शिरू बघतं. दार लावावं तर आतलं पावसाचं पाणी तुंबतं. म्हणून तोंडाशी दार आणि दारापाशी पंप. ब्रिमस्टोवॅड म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची योजना, तिचा अहवाल १९९३ चा. तासाला २५ मिलिमीटर पाऊस झेलणारी व्यवस्था ५० मिलिमीटरवर न्यायची आणि आठ पंपिंग स्टेशनं बांधायची, असं ठरलेलं. काम खऱ्या अर्थानं हललं ते २००५ नंतर. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल मागे पडली. इतर शहरांतही आता अशी कामं निघताहेत आणि निघणारच.

आता यातली मेख बघा. पुराचं पाणी ज्या जागी गोळा होतं, नेमक्या त्याच जागी हे स्टेशन बांधायचं असतं, आणि तेही तिथलं पाणी उपसणारे पंप बसायच्या आधी. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला खाडी, खाली काळा चिखल, त्याखाली मुरूम. मध्ये आठ-नऊ मीटर खोल खड्डा. भोवती लोखंडी शीटपाइलची भिंत ठोकलेली, तिला आतून स्ट्रटचा, म्हणजे आडव्या तुळयांचा, टेकू. त्या खड्ड्याच्या तळाशी वीस-पंचवीस माणसं सळ्या बांधत असतात. त्यांच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर समुद्र उभा असतो. तो दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडे भरतीचं गणित तोंडी आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. थोडं इकडेतिकडे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी. वडिलांनी मला हे पाढ्यांच्या आधी शिकवलं. साइटवर इंजिनीअर लोकांकडे छापील तक्ता असतो, मिनिटासकट वेळ आणि मीटरसकट उंची. तक्ता माझ्या गणितापेक्षा बरोबर असतो, यात वाद नाही. पण तो ऑफिसच्या कंटेनरमध्ये एसीखाली चिकटवलेला असतो. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला आज भरती कितीला आहे हे ठाऊक नसतं. झारखंडच्या डोंगरातून आलेल्या पोराला समुद्र दिवसातून दोनदा वर-खाली होतो हेच मुळात नवीन. मी सांगायचो तेव्हा तो माझी चेष्टा समजायचा.

माझ्याकडे एक पद्धत होती. बांधकाम साइटच्या आजूबाजूला क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या भरपूर सापडतात. त्या कुठून येतात ते विचारू नका. मी त्या धुऊन ठेवायचो. दर तासाला डिलिव्हरी पाइपच्या, म्हणजे उपसलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपच्या, तोंडाशी एक बाटली भरायची, बूच लावायचं, खडूनं वेळ लिहायची आणि पंपाशेजारच्या फळीवर ओळीनं मांडायची. तासाभरात गाळ तळाशी बसतो. खड्ड्यात पाणी झिरपतं यात घाबरण्यासारखं काही नाही, ते झिरपणारच. किती येतंय याला महत्त्व आहे, पण त्याहून जास्त महत्त्व आहे ते कसं येतंय याला. स्वच्छ पाणी येतंय म्हणजे नुसतं पाणी येतंय. गढूळ येतंय म्हणजे जमीन येतेय. शीटपाइलच्या बुडाखालून बारीक रेती वाहून येते, पोकळी होते, पाण्याला वाट सापडते, आणि मग ते विचारून येत नाही. पंपाच्या आवाजावरून हे कळत नाही. पंप गढूळ पाणीही आनंदानं ओढतो.

ती रात्र वैशाख वद्य द्वितीयेची. दोनाची पाऊणपट दीड, म्हणून मी दीड वाजताच्या भरतीकडे डोळा ठेवून होतो. खाली बावीस माणसं राफ्टच्या, म्हणजे तळाच्या जाड काँक्रीटच्या, सळ्या बांधत होती. सकाळी काँक्रीट होतं. मे संपायच्या आत राफ्ट झालीच पाहिजे, कारण पावसाळ्यात नाल्याचा बांध काढावा लागतो, असं वरपासून खालपर्यंत सगळे म्हणत होते आणि ते खरंही होतं. अकराची बाटली स्वच्छ. बाराचीही जवळजवळ तशीच. एकच्या बाटलीत तळाशी नखाएवढा थर, चाळलेल्या राखेच्या रंगाचा. मी पुढच्या तासाची वाट बघितली नाही, पंधरा मिनिटांनी परत भरली. दीडला तिसरी भरली आणि तिच्यात गाळ बसायला वेळच लागला नाही. दोन बोटं थर डोळ्यांदेखत उतरला.

मुकादमाला बाटली दाखवली. तो म्हणाला, "चाचा, वाळूच आहे ना, सोनं तर नाही." इंजिनीअर कंटेनरमध्ये झोपला होता, दोन दिवस झोपला नव्हता बिचारा, फोन उचलत नव्हता. कुणाला वर बोलवायचा मला अधिकार नव्हता. पंपवाल्याचं काम पंप बघणं. मी गेटजवळ उभ्या असलेल्या डंपरमध्ये चढलो आणि हॉर्न दाबून धरला. काय झालं ते बघायला माणसं वर येऊ लागली. खाली उतरायला शिडी एकच. बावीस माणसांना ती चढायला अकरा मिनिटं लागली. मी मोजली, कारण हॉर्न दाबून बसल्यावर डंपरमधल्या घड्याळाकडे बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं.

सव्वादोनला नाल्याकडच्या कोपऱ्यात तळाला उकळी फुटली. हा शब्द मी उगाच वापरत नाही. चुलीवरची पेज उतू जायच्या आधी मधोमध जशी गदगदते, अगदी तशी. आधी पानाच्या डब्याएवढी, मग परातीएवढी. मग कोपऱ्यातला एक स्ट्रट वाकल्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी अजून झोपेत ऐकतो. पहाटेपर्यंत बांधलेल्या सगळ्या सळ्या पाण्याखाली होत्या. माणूस एकही नव्हता.

सकाळी सगळे माझ्याशी चांगले वागले. इंजिनीअरनं पाठीवर हात ठेवला, वरून आलेल्या साहेबांनी चहा मागवला. संध्याकाळी हजेरीचं रजिस्टर भरलं गेलं. त्या बावीस जणांची अर्धी हजेरी लागली. रात्री दोननंतर काम कुठे झालं, असा हिशेब. तेव्हा रोज साडेतीनशे होता. अर्धा रोज एकशे पंचाहत्तर, गुणिले बावीस, तीन हजार आठशे पन्नास रुपये. त्या खड्ड्यातून पाणी काढायला पुढचे तीन दिवस जे डिझेल जळलं, त्याच्या हिशेबात ही रक्कम चिल्लर होती.

आणि माझी हजेरी? पूर्ण. वर ओव्हरटाइम. कारण पंपाचं बिल तासावर लागतं, आणि त्या तीन दिवसांत पंप कधी नव्हे इतके तास चालले. पंप किती तास चालला याला टेंडरात आयटम आहे, दर आहे, मोजमाप आहे. माणसं किती तास वर बसली याला आयटम नाही. मी ते पैसे घेतले. घरी दिले. त्या वेळी यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो.

एकोणीस दिवसांनी, पहिल्या पावसात, त्याच साइटवर डिलिव्हरी लाइनची चर खणत होते. दहा फूट खोल. टेंडरच्या पाठीमागची सुरक्षेची पानं कुणी वाचत नाही, पण मी एकदा रात्रपाळीत वाचली होती. पाच फुटांवरच्या चरीला उतार द्या किंवा फळ्यांचा आधार द्या, उकरलेली माती काठापासून पाच फूट किंवा चरीच्या निम्म्या खोलीइतकी लांब टाका, दोन्हींतलं जास्त असेल ते. चार फुटांवरच्या चरीत दर शंभर फुटांना शिडी. सगळं लिहिलेलं आहे. इथे पोकलेननं माती अगदी काठावर ढीग करून ठेवली होती, कारण पलीकडे रस्ता अडला असता. घनमीटरभर ओली माती म्हणजे पावणेदोन-दोन टन. काठावर दोन मारुती गाड्या उभ्या करून खाली माणूस उतरवावा तसंच ते, आणि ढीग काही एका घनमीटरचा नव्हता.

मला भेग दिसली. काठापासून दीड फुटावर, काठाला समांतर, केसाएवढी. पावसाचं पाणी तिच्यात जात होतं आणि बाहेर येत नव्हतं. मी वरून ओरडलो. खाली तीच गँग होती, त्या रात्रीचीच. मुकादम हसला, "चाचा का फिर चालू हुआ." त्याचं मला काही वाटलं नाही. पण खालच्या एका पोरानं मान वर केली. बाटल्या मांडताना रोज माझ्याजवळ येऊन बसणारा, भरतीची चेष्टा वाटणारा तोच. तो म्हणाला, "चाचा, आधा दिन जाएगा."

तो आला नाही. कुणीच आलं नाही. साधारण पाव तासानं काठ बसला. बाकीचे सुटले, तो छातीपर्यंत गाडला गेला. छातीपर्यंत माती आली की डोकं बाहेर असूनही माणूस गुदमरतो. श्वास सोडला की माती तेवढी आत सरकते, पुढचा श्वास त्याहून छोटा होतो. पोकलेनवाला मदतीला बकेट घालायला निघाला होता. त्याला ओरडून थांबवलं, कारण बकेटनं माणूस आणि माती वेगळी होत नाही. घमेल्यांनी आणि हातांनी चाळीस मिनिटं उकरलं. आधी छाती मोकळी केली, मग खाली. दुसरा काठ बसेल का, याचा विचार त्या वेळी कुणी केला नाही. करायला हवा होता. पोरगा वाचला. कमरेचं हाड आणि उजवा पाय गेला. काही महिन्यांनी गावी परतला.

संपादक महोदय, त्या पोराला धोका कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. एकोणीस दिवसांपूर्वी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी तो पाहिला होता. त्याला धोक्याची किंमतही कळली होती. ती एकशे पंचाहत्तर रुपये होती आणि ती त्यालाच भरायला लावली होती.

सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे हेल्मेट, बेल्ट, मार्चमधला सुरक्षा सप्ताह आणि गेटवरचा बोर्ड. हेल्मेट हवंच, मी कधी काढलं नाही. पण खड्ड्याच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसाला बेल्ट कशाला? तो पडणार कुठे? तिथे पाणी आणि माती त्याच्याकडे येते. तिथे त्याला दोन गोष्टी लागतात. वेळेवर मिळालेली हाक आणि वर यायची वाट. आमच्या वेळी कायद्यानं पाचशे कामगार असले की सेफ्टी ऑफिसर लागायचा. कागदावर कामगार चार पोटकंत्राटदारांत वाटलेले असायचे, त्यामुळे कुणाकडेच पाचशे नसायचे. मोठ्या कामांवर आता ऑफिसर असतात, शिकलेले, कळकळीचे असतात, हेही मी पाहिलंय. पण त्यांचा पगारही त्याच खिशातून येतो ज्या खिशाला राफ्ट मेमध्ये हवी असते.

गॅसचं थोडक्यात लिहितो. जुना नाला किंवा विटांच्या कमानीचा ढापा फोडला की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस उतरतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. आमच्याकडे गॅस मोजायचं यंत्र होतं, चांगलं परदेशी. ऑफिसच्या कपाटात, कुलपात. किल्ली ज्यांच्याकडे असायची ते संध्याकाळी सहाला घरी जायचे. डिझेलचा पंप खड्ड्यात उतरवून चालवणारेही मी पाहिलेत. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

विजेचं आणखी थोडक्यात. पंप उघडायच्या आधी मी किटकॅट फ्यूज काढून खिशात घालायचो. बोर्डवर पाटी लावली तर कुणीतरी ती बाजूला सारून स्विच मारतं, खिशातला फ्यूज मारता येत नाही. आमच्या सौ.ना धुण्यात दोनदा सापडले. त्यावरून झालेला गोंधळ वेगळा.

हे सगळं बाजूला ठेवून एक गोष्ट मात्र नीट सांगायची आहे, कारण इंजिनीअर मंडळी ती लगेच समजतील. पंपिंग स्टेशनची जमिनीखालची टाकी रिकामी असते, तेव्हा ती होडीच असते. बाहेरचं पाणी तळाच्या सहा मीटर वर असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून सहा टन उचल बसते. मीटरभर जाड काँक्रीटचं वजन अडीच टन. भिंती, स्लॅब, वरची इमारत झाली की हिशेब जुळतो. तोवर बाहेरचं पाणी उपसून खाली ठेवायचं, म्हणजे आमचे पंप एक मिनिट बंद पडता कामा नयेत. आणि बंद पडलेच तर? तर टाकी वाचवायला इंजिनीअर स्वतः तिच्यात पाणी सोडतो. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला तोलतं, टाकी जागेवर राहते.

हे मी एकदा घडताना पाहिलंय, दुसऱ्या एका कामावर. एक तरुण इंजिनीअर बाई होत्या. मुसळधार पाऊस, एक जनरेटर बंद, दुसरा धापा टाकतोय. त्यांनी घड्याळ बघितलं, पाण्याची खूण बघितली, सगळ्यांना वर काढलं आणि व्हॉल्व उघडायला लावला. भिंतीचं शटरिंग बुडालं, पुढचे आठ दिवस गाळ काढण्यात गेले. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले तेव्हा आम्हाला वाटलं, बाईंची आता खैर नाही. साहेब म्हणाले, बरोबर केलंत. त्या आठ दिवसांचा खर्च हिशेबात बसला. कुणी हूं की चूं केलं नाही.

काँक्रीट वाचवायला आठ दिवस पाण्यात घालण्याची सोय आपल्याकडे आहे. त्यासाठी शब्द आहेत, सूत्रं आहेत, साहेबांची मान्यता आहे. माणसं वाचवायला अर्धा दिवस वर बसण्याची सोय नाही. तो अर्धा दिवस ज्याचा त्यानं आपल्या खिशातून द्यायचा.

म्हणून माझी मागणी टेंडर काढणाऱ्यांकडे आहे, कंत्राटदारांकडे नाही. कंत्राटदार आयटम बघून काम करतो, आयटम द्या. जशी डीवॉटरिंगची ओळ असते, तशीच एक ओळ घाला. भरती, पाणी, गॅस किंवा काठाच्या धोक्यामुळे माणसं वर काढली तर त्या तासांची पूर्ण मजुरी पालिका देईल, नोंदवहीत नोंद करून, रनिंग बिलात. आणि वर बोलावण्याचा अधिकार नाव घालून एका माणसाला द्या. हातात भोंगा द्या. तो पंपवाला असला तरी चालेल, कारण रात्री दोनला जागा असलेला बहुधा तोच एकटा असतो. भरतीच्या वेळा कंटेनरमधून काढून शिडीच्या तोंडाशी फळ्यावर लिहा, हिंदीत, मोठ्या आकड्यांत. शिड्या दोन ठेवा, समोरासमोर. याला काय खर्च आहे?

लोक म्हणतील, मग मजूर रोज काहीतरी निमित्त काढून वर येऊन बसतील. मीही एकदा फुकट बोलावलं होतं, सांगून टाकतो. पाइपच्या तोंडाजवळ कुणीतरी मुरूम उपडा केला होता, त्याचं पाणी बाटलीत आलं, मी घाबरलो. चाळीस माणसं चार तास वर बसली, पत्ते खेळली, शिव्या मला दिल्या. मला त्याची लाज वाटत नाही. पण वर बसायला मिळावं म्हणून खोटी हाक मारलेला माणूस एकतीस वर्षांत मला भेटला नाही. खाली चिखलात उभा असलेल्याला लवकर काम संपवून घरी जायचं असतं, वर बसून काम लांबवायचं नसतं.

आपल्याला एक विनंती. आपले बातमीदार दर मे महिन्यात नालेसफाई आणि पंपिंग स्टेशनच्या पाहणीला साहेबांबरोबर जातात. किती टक्के काम झालं ते विचारतात, पंप किती, हेही विचारतात. यंदा कुठे खड्डा चालू असेल तर एक प्रश्न वाढवावा. गेल्या महिन्यात माणसं किती तास वर काढली, आणि त्या तासांचे पैसे कुणी दिले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "शून्य" आलं, तर शिडीपाशी जाऊन खाली बघून यावं. भरतीची वेळ साधून.

आपला,
एक निवृत्त पंप ऑपरेटर, बदलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)